चिनी मातीच्या कलेतील कुटुंब आणि व्यक्तिगत स्मृती

पोर्सेलिन या पदार्थास मराठीत 'चिनी माती' हेच नाव रूढ आहे. महाराष्ट्रातील घरोघरी लोणचे मुरविण्यासाठी वापरली जाणारी बरणी वास्तविक बहुधा पोर्सेलिनची नसते. ती जाड अंगाची, झिलई दिलेली साधी भाजलेली माती असते. तरीही लोकभाषेने तिलाही चीनच्याच नावाने ओळखले. इंग्रजीतही देश आणि पदार्थ यांस एकच शब्द आहे. एखाद्या पदार्थाचे नाते एका राष्ट्राशी इतके घट्ट जुळले, की त्या पदार्थातून एखाद्या व्यक्तीने स्वतःविषयी, आपल्या घराविषयी, आपल्या माणसांविषयी काही सांगावे, ही गोष्ट सोपी राहत नाही. तिने तोंड उघडण्यापूर्वीच तो पदार्थ देशाच्या वतीने बोलू लागलेला असतो. चिनी कलावंतांनी अलीकडच्या काळात या मातीत कौटुंबिक आठवणी आणि आपले चिनीपण यांचा जो शोध घेतला आहे, त्याचे मोल ठरविताना ही अडचण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे; आणि ती जुनी आहे, हेही.

या कलेचे माहेरघर जिआंगशी प्रांतातील जिंगदेजेन हे नगर होय. सोंग सम्राटाने इ. स. १००४ मध्ये आपल्या जिंगदे या कालनामावरून त्यास हे नाव दिले. जवळच्या गाओलिंग टेकडीची पांढरी माती आणि कुटलेल्या विशिष्ट दगडाची भुकटी यांच्या मिश्रणातून येथील भांडे घडते व सुमारे १३०० अंश उष्णतेत भाजले जाते. सोंग यिंगशिंग या ग्रंथकाराने १६३७ मध्ये लिहिलेल्या उद्योगविषयक ग्रंथात एका पेल्यास पुरे होईपर्यंत ७२ हातांतून जावे लागते असे नमूद केले आहे. पुढे द'आंत्रेकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ व १७२२ मध्ये मायदेशी धाडलेल्या पत्रांतही हीच स्थिती दिसते: फुलाची बाह्यरेषा एकाने काढावयाची, रंग दुसऱ्याने भरावयाचा, डोंगर व पाणी एकाचे, पक्षी व पशू दुसऱ्याचे. अशा भांड्याच्या तळाशी नाव येई ते सम्राटाच्या राजवटीचे. मिंग काळापासून ही राजमुद्रा नित्याची झाली. घडविणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही.

यास अपवाद नाहीत असे नव्हे. यीशिंग येथील तांबूस मातीच्या चहादाण्यांवर शी दाबिन यासारख्या कारागिरांनी आपली नावे कोरली, तर देहुआ येथील शुभ्र मूर्तींवर हे चाओत्सोंग याची मुद्रा आढळते. परंतु ही दोन्ही केंद्रे जिंगदेजेनहून वेगळ्या रीतीने चालत. तेथे एका वस्तूवर एका हाताची छाप राहू शकत असे. जिंगदेजेनने आपल्या कामकऱ्यांपैकी ज्याचे नाव श्रद्धेने जपले तो तोंग बिन. राजदरबारासाठी मागविलेले प्रचंड ड्रॅगनांकित रांजण भट्टीत वारंवार फुटू लागले व अधिकाऱ्यांचा छळ असह्य झाला, तेव्हा १५९९ मध्ये त्याने धगधगत्या भट्टीत उडी घेतली आणि त्यानंतर रांजण साधले, अशी आख्यायिका आहे. पुढे तो भट्टीचा देव मानला गेला. कारागिराचे नाव उरले ते त्याने घडविलेल्या भांड्यावर उरले नाही, देवळात उरले.

मग या मातीवर कोणाची स्मृती टिकली? या प्रश्नाचे उत्तर देणारी सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे 'डेव्हिड कलश' या नावाने विख्यात असलेली जोडी. सुमारे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर उंचीचे हे दोन पुष्पकलश. कानांच्या जागी हत्तीची मस्तके, पोटावर ढगांतून वळसे घेत जाणारा ड्रॅगन, वर फिनिक्स पक्षी, खाली कमळवेल. इराणातून आलेल्या कोबाल्टच्या निळ्या रंगात हे सारे झिलईखाली रंगविलेले आहे. मानेवरील केळीच्या पानांमध्ये मात्र एक लेख आहे. युशान तालुक्यातील चांग वेनचिन नावाच्या भाविकाने एक धूपपात्र व ही पुष्पकलशांची जोडी सेनापती हू जिंगयी या देवत्व पावलेल्या पुरुषाच्या देवळास अर्पण केली. सर्व कुटुंबाचे रक्षण व्हावे आणि मुलामुलींना सुखशांती लाभावी अशी त्याची प्रार्थना आहे. दिनांक दिला आहे तो चीचेंग राजवटीच्या अकराव्या वर्षाच्या चौथ्या महिन्यातील एका शुभ दिवसाचा, म्हणजे इ. स. १३५१ चा.

याच वर्षी युआन राजवटीविरुद्ध लाल फेटेवाल्यांचे बंड पेटले, आणि पुढील सतरा वर्षांत मंगोल सत्ता चीनमधून नाहीशी झाली. चांग वेनचिनला त्या बंडाची चाहूल लागली होती काय, हे लेखात नाही व त्यावरून तसे अनुमान काढणेही धाडसाचे होईल. पण धामधुमीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका गृहस्थाची आपल्या लेकरांविषयीची काळजी या लेखात सापडते, यात संशय नाही. कलेच्या इतिहासकारांनी या जोडीचा उपयोग मुख्यतः कालनिर्णयासाठी केला. हॉब्सनने १९२९ मध्ये तिची प्रथम दखल घेतली. पुढे जॉन पोप याने १९५२ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील चिनी भांड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या भांड्यांची ओळख पटविण्यास हाच तारखेचा आधार कामी आला. तारीख उपयोगी पडली. मुलेबाळे मागे राहिली. हा संशोधकांचा दोष म्हणावा असे नाही, तरी ज्या वाक्यासाठी तो लेख लिहिला गेला तेच वाक्य अभ्यासात गौण ठरावे, हे थोडे चमत्कारिक आहे.

या जोडीस ज्याचे नाव चिकटले तो सर पर्सिव्हल डेव्हिड याचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या ज्यू व्यापारी समाजात त्याचे घराणे मोडत असे. त्याचे वडील सर ससून डेव्हिड हे त्या शहरातील प्रतिष्ठित पुरुष होते व चीनशी होणाऱ्या व्यापारात त्यांच्या पेढीचा वाटा होता. वेगवेगळ्या हाती गेलेले हे दोन कलश पर्सिव्हलने मिळवून पुन्हा एकत्र आणले. आपला संग्रह त्याने १९५० मध्ये लंडन विद्यापीठास दिला; २००९ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे. जिआंगशीतील एका कुटुंबाची प्रार्थना मुंबईत जन्मलेल्या एका परदेशस्थ घराण्याच्या नावाने जगास ठाऊक व्हावी, असा हा योग आहे.

डेव्हिड कलशांवरून एक गोष्ट ठरते. त्यांवरील स्मृती चितारणाऱ्याची नाही. ती मागविणाऱ्याची आहे. कुंचला कोणाचा होता हे लेख सांगत नाही. कुटुंब कोणाचे होते हे मात्र गावासकट सांगतो. जिंगदेजेनच्या पुढील इतिहासात कौटुंबिक आठवण जेथे जेथे या मातीवर उतरली, तेथे तेथे बहुधा हाच क्रम दिसतो.

याचे सर्वांत रंगीत उदाहरण सामुद्रधुनीच्या प्रदेशात मिळते. मलाक्का, पेनांग व सिंगापूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना पेरानाकन किंवा 'बाबा' म्हणत. त्यांच्या स्त्रिया 'न्योन्या'. घरातील बोली मलायमिश्रित, वेष सारोंग व केबाया, जेवणात नारळ व मिरची. अनेकांना चिनी लिपी वाचता येत नसे. अशा कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी जिंगदेजेनहून खास आपल्यासाठी भांडी मागविली. गुलाबी, हिरवट, पिवळ्या भडक रंगांवर फिनिक्स व पिओनीचे फूल, हा त्यांचा ठराविक साज. चीनमधील रसिकास हे रंग अतिशय दाट वाटले असते. झाकणाचा मोठा 'कामचेंग' हा लग्नकार्यात व सणासमारंभात मानाचा. याउलट शोकाच्या काळात व पितरांच्या पूजेत निळी-पांढरी भांडी वापरीत. म्हणजे घरात कोणते भांडे बाहेर काढले आहे यावरून त्या घरात काय घडले आहे ते कळत असे. भाषा हातची गेली, पण चिनीपण फडताळात राहिले. १९११ च्या क्रांतीनंतर ही मागणी ओसरत गेली. आज ती भांडी प्रामुख्याने संग्रहालयांत व काही जुन्या घरांत पाहावयास मिळतात.

खुद्द जिंगदेजेनमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी एक नवा प्रकार आला. छायाचित्रावरून माणसाची मुखाकृती पोर्सेलिनच्या फरशीवर रंगवून भाजण्याची ही पद्धत; वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून अशी चित्रे घरात ठेवली जात. 'चुशानचे आठ स्नेही' म्हणून गाजलेल्या चित्रकारांपैकी वांग ची हा अशा मुखचित्रांपासूनच पुढे आला. या आठ जणांनी फरशीवर आपली स्वाक्षरी व मुद्रा उमटविली, आणि जिंगदेजेनमध्ये चितारणाऱ्याचे नाव मागविणाऱ्याच्या बरोबरीने येऊन बसले. हा बदल फार काळ टिकला नाही. १९४९ नंतर कारखाने सरकारी झाले. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत 'चार जुन्या गोष्टीं'विरुद्ध मोहीम उघडली गेली, तेव्हा पितरांच्या पूजेची भांडी फोडली गेली किंवा लपवावी लागली. त्याच सुमारास त्याच भट्ट्यांतून माओचे पुतळे व बिल्ले बाहेर पडत होते.

आ शियान या कलावंताचे काम या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्याचा जन्म बीजिंगमध्ये १९६० चा. १९८९ च्या घटनांनंतर त्याने १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात आश्रय घेतला व तो सिडनीत राहू लागला. चीनमध्ये असताना तो चित्रकार होता. पोर्सेलिनकडे तो वळला तो परदेशात आल्यावर. १९९८ च्या सुमारास त्याने अर्धपुतळ्यांची मालिका आरंभिली, आणि सिडनीतील लहान भट्टीत मनासारखे साधेना म्हणून १९९९ मध्ये तो जिंगदेजेनला गेला. 'चायना चायना' हे त्या मालिकेचे नाव. देश आणि पदार्थ यांच्या एकाच नावावर ते बेतलेले आहे. पत्नी, आप्त व स्नेही यांच्या अंगावर प्लास्टर घालून साचा घेतलेला; त्यात ओतलेला पोर्सेलिनचा अर्धपुतळा; आणि त्यावर मिंग व छिंग काळातील भांड्यांवरच्या कमळवेली, ड्रॅगन, डोंगर-नद्या.

साचा घेताना डोळे मिटावेच लागतात; त्यामुळे सर्व पुतळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. ही गोष्ट तांत्रिक गरजेतून आली तरी तिचा परिणाम गंभीर होतो. नक्षी तर चेहऱ्याच्या ठेवणीची पर्वा करीत नाही. वेल ओठांवरून जातो, डोंगर गालावर चढतो. पुतळ्याकडे पाहणारास प्रथम दिसतो तो 'चीन'; त्या निळ्या रेषांखाली नाकाची ठेवण, कपाळावरची सुरकुती, कोणा एका व्यक्तीचा जबडा हळूहळू उमगतो. अनेक टीकाकारांनी यास परंपरेचे सुंदर पांघरूण म्हटले आहे. तसे ते आहे. परंतु पांघरुणाने तोंडही झाकले जाते, आणि ज्याने घर राजकीय कारणाने सोडले त्याच्या हातून हे झाले आहे, हे विसरता कामा नये. न्योन्या भांड्यांत परक्या मुलखातील कुटुंबाने चिनीपण आनंदाने मिरविले होते. आ शियानच्या पुतळ्यांत ते प्रिय माणसांच्या कातडीवर गोंदल्यासारखे आहे. त्यांचे सौंदर्य अस्वस्थ करते ते यामुळेच.

आ शियानने हे पुतळे स्वतः रंगविले नाहीत; जिंगदेजेनच्या कारागिरांनी रंगविले. काही समीक्षकांना यात व्यक्तिगततेचा अभाव जाणवतो. हा आक्षेप मागील इतिहास नजरेआड केल्याने उद्भवतो. चांग वेनचिननेही आपल्या कलशांवर ड्रॅगन काढला नव्हता. चेहरे कोणाचे हे मागविणाऱ्याने ठरवावे व कुंचला नगराने चालवावा, ही जिंगदेजेनची सहा शतकांहून जुनी वहिवाट होय. त्यात १९९० नंतरच्या दशकात सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले. पिढीजात कौशल्य असलेले शेकडो हात मोकळे झाले, आणि बाहेरून येणाऱ्या कलावंतास ते उपलब्ध झाले. आ शियानच्या पुतळ्यांमागे त्याच्या विस्थापनाइतकीच या कामगारांची बेकारीही आहे. या दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते.

आय वेइवेइच्या सूर्यफुलाच्या बियांबाबत तर हे आकड्यांनीच दिसते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये जमिनीवर पसरलेल्या दहा कोटी पोर्सेलिनच्या बिया जिंगदेजेनमधील सोळाशे माणसांनी दोन-अडीच वर्षे हाताने रंगविल्या. माओस सूर्य व जनतेस सूर्यफूल मानणाऱ्या काळाचा, आणि त्याच काळात माणसांनी एकमेकांस मूठभर बिया देण्याच्या साध्या आपुलकीचा हा संदर्भ. आय वेइवेइचे वडील कवी आय छिंग यांस १९५७ नंतर हद्दपार करण्यात आले होते, आणि मुलाचे बालपण शिनजिआंगमध्ये गेले. तथापि कौटुंबिक स्मृती येथे आ शियानच्या पुतळ्यांइतकी निकट नाही. ती संख्येत विरून जाते. प्रेक्षकांनी त्या बियांवरून चालावे असा मूळ बेत होता. पण पायाखाली उठणारी धूळ आरोग्यास घातक ठरेल म्हणून काही दिवसांतच त्यांवर पाऊल टाकण्यास बंदी झाली. सोळाशे जणांपैकी कोणाचीही सही एकाही बियेवर नाही.