बाणाचे घड्याळ

दर धनत्रयोदशीला आमच्या अमरावतीच्या घरी दोन पूजा होतात. एक देवघरात, ती आमची मंडळी करते. दुसरी माझ्या टेबलावर. ती मी करतो. मऊ फडक्यावर अकरा मनगटी घड्याळे ओळीने मांडायची, एकेकाला चावी द्यायची आणि कानाशी धरून त्याची टिकटिक ऐकायची. 'घरात अकरा घड्याळे, अन् जेवायला यायला रोज उशीर!' हा त्या पूजेचा मंत्र स्वयंपाकघरातून ऐकू येतो. त्याचीही आता सवय झाली आहे.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पोरांना लढायांच्या सनावळ्या घोकायला लावल्या. निवृत्त झाल्यावर त्या सनावळ्यांनीच माझा पिच्छा पुरवला असे म्हणा ना, कारण माझी ही अकराही घड्याळे या ना त्या लढाईशी नाते सांगणारी आहेत.

वाचकांना नवल वाटेल, पण मनगटावरचे घड्याळ हे मुळात लढाईचेच अपत्य आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुषाचे घड्याळ साखळीला बांधून खिशात असे. मनगटावर मिरवायचा तो बायकांचा दागिना! पण १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात शिपायांच्या ध्यानात आले की, एका हाती लगाम आणि दुसऱ्या हाती बंदूक असताना खिशात हात घालायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. त्यांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटाला बांधली. पुढे १९१४ चे महायुद्ध आले. अमुक वाजून अमुक मिनिटांनी तोफा थांबणार आणि त्याच क्षणी खंदकातून उडी घ्यायची, असा हिशेब सुरू झाला. मिनिट चुकले की माणूस आपल्याच तोफेच्या तोंडी जायचा. लढाई संपली, शिपाई घरी आले, पण घड्याळ काही मनगटावरून उतरले नाही.

आपल्या मुलखाचाही त्यात वाटा आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी स्विस खरी, पण ती १८८६ साली जन्माला आली मुंबईच्या बाजारासाठी. तिच्या एका घड्याळाचे नाव 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार! दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीची 'सोवार प्रायमा' घड्याळे हिंदी फौजेला पुरवली गेली. अशा घड्याळाच्या पाठीवर तीन रेघांचा एक बाण ठोकलेला असतो. ती इंग्रज सरकारची मालकीखूण. बंदुकीपासून तंबूपर्यंत सरकारच्या प्रत्येक चिजेवर हा बाण असे. माझ्यासारख्या वेड्याला घड्याळ उलटे केल्यावर तो बाण दिसला की जो आनंद होतो, तो काय सांगावा!

या छंदाला एक काळी बाजूही आहे. रात्री वेळ दिसावी म्हणून या घड्याळांच्या आकड्यांना रेडियमचा रंग देत. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करीत. त्यांची हाडे झिजली, जबडे गळाले. कित्येक ऐन तारुण्यात गेल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींनी कंपनीवर फिर्याद लावली आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. आज माझ्या जुन्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकत नाहीत, कारण त्या रंगातली चमकणारी भुकटी थकली आहे. रेडियम मात्र थकत नाही. ते निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. म्हणून हौशी लोकांना हात जोडून सांगतो: असे घड्याळ घरी उघडू नका, त्याचा रंग खरवडू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

युद्धाने आमच्या वऱ्हाडात घड्याळेच काय, काळही हलवला. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे ढकलले, ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. आधीच आपला सूर्य प्रमाणवेळेच्या वीसेक मिनिटे मागे. त्यात हा तास! म्हणजे अमरावतीला सूर्य डोक्यावर यायचा तेव्हा घड्याळात सव्वा वाजून गेलेला असे. तो काळ तरी कसला! बेचाळीसच्या ऑगस्टात आमच्या जिल्ह्यातल्या यावली आणि बेनोडा या गावांनी रक्त दिले. आजही त्यांच्या नावापुढे 'शहीद' लागते. १९४३ मध्ये अकोल्याजवळ शिवणीला विमानतळ झाला. आणि त्याच दिवसांत कितीतरी वऱ्हाडी पोरे फौजेत गेली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली होती. तिची दुसरी पलटण १९४२ साली कामठीला उभी राहिली आणि पुढे बर्माच्या आघाडीवर गेली.

आता माझी गोष्ट सांगतो.

अकोल्याला माझ्या ओळखीचे एक म्हातारे घड्याळवाले आहेत. मोर्णेच्या पलीकडे, जुन्या शहरात त्यांची कपाटाएवढी टपरी. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा निरोप आला, 'गुरुजी, बाणाचं घड्याळ आलं हाये.' मी त्याच दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली. मुर्तिजापूर केव्हा गेले तेही कळले नाही.

टपरीत एक चाळिशीचा गृहस्थ बसला होता. त्याने रुमालातून घड्याळ काढले. काळी चकती, हिरवट आकडे, कोणाचे नाव नाही. 'आमच्या आबाजीचं हाये, बर्माच्या लढाईतलं,' तो म्हणाला. आबाजी महार रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत होते. पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी घड्याळ विकायचे होते. इंटरनेटवर किमती पाहून त्याने आकडाही ठरवला होता, आणि घड्याळ खरे असते तर तो गैरवाजवी नव्हता.

मी घड्याळ उलटे केले. बाण होता. पण भिंगाखाली पाहताच माझे मन खट्टू झाले. सरकारी बाण ठशाने ठोकलेला, रेघा एकसारख्या असतात. हा हाताने कोरलेला, एक रेघ जाड, दुसरी बारीक, तिसरी वाकडी. घड्याळवाल्याने मुकाट्याने पाठ उघडली. आत स्वच्छ अक्षरे होती, एच.एम.टी.! बंगलोरच्या या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळे काढली ती १९६१ पासून. बर्माची लढाई संपली १९४५ मध्ये. इतिहासाच्या मास्तराला आणखी पुरावा कशाला?

आता सांगायचे कसे? गप्प बसून घड्याळ परत द्यावे, तर हा भला माणूस ते दुसऱ्या कोणाला बर्माचे म्हणून विकणार आणि उद्या खोटा ठरणार. सांगावे, तर आबाजी खोटे पडणार. शेवटी मी धीर करून सांगितले. त्याचा चेहरा उतरला. 'म्हंजे आबाजी आमाले खोटं सांगत होते?' एवढेच तो म्हणाला. मग उठला आणि मला म्हणाला, 'चाला गुरुजी, मायले विचारू.'

घर जवळच होते. त्याची आई, पंचाहत्तरीची बाई, अंगणात लसूण सोलत होती. सारे ऐकून घेतल्यावर ती जराही गडबडली नाही.

'मामंजीचं खरं घड्याळ बाहात्तरच्या दुष्काळात गेलं, भाऊ. घरात दाना नोयता. थे इकून त्याईनं ज्वारी आनली. दहाक वर्सानं हे घेतलं. मंग घड्याळवाल्याजोळ बसून चकती काळी करून घेतली, पयल्यासारखी. अन् मांगचा बान त्याईनं सोताच कोरला, दाभनानं. म्हने, बान नसला त हे घड्याळ माह्यं वाटत नाई.'

मग तिने मुलाकडे पाहिले. 'तू तवा लहान होता. तुले फक्त लढाईची गोठ ठाऊक हाये.'

मी काय बोलणार? माझ्या वहीत आजवर दोनच रकाने होते, अस्सल आणि नक्कल. सरकारचा बाण अस्सल, हाताचा बाण नक्कल. पण सरकारने तो बाण ही चीज आपली आहे हे सांगण्यासाठी ठोकला होता. आबाजींनीही नेमके त्याचसाठी कोरला. नातवंडांची पोटे भरावीत म्हणून विकलेली स्वतःची लढाई त्यांनी दाभणाने परत मिळवली होती.

हल्ली 'मर्यादित आवृत्ती'ची घड्याळे निघतात. एका डॅनिश कंपनीने दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचा धातू वितळवून घड्याळात घातला आहे. आपल्या बंगलोरच्या एका कंपनीनेही मिग-२१ विमानाच्या स्मरणार्थ घड्याळ काढले आहे. मला त्यांचे कौतुक आहे. पण अशा आवृत्तीत शेकडो नग असतात, आणि घेणाऱ्याला ती लढाई दुकानातून विकत मिळते. आबाजींच्या आवृत्तीचा नग एकच, आणि तिची किंमत ज्वारीच्या पोत्यात मोजलेली.

मी घड्याळ विकत घेतले नाही. त्या गृहस्थानेही मग विकायचे नाव काढले नाही. पोरीच्या फीची अडचण तशीच उभी होती, ती काही माझ्या पांडित्याने सुटणार नव्हती. परत येऊन मी माझ्या अकरांपैकी दोन घड्याळे मुंबईच्या एका शौकिनाला दिली आणि आलेले पैसे अकोल्याला पाठवले, उसने म्हणून. दर महिन्याला थोडे थोडे परत येतात. घड्याळासारखे नियमित!

यंदा धनत्रयोदशीला फडक्यावर नऊच घड्याळे असतील. आमच्या मंडळीने ती मोजली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, 'आता तरी जेवायला वेळेवर या.'