मुलाची छाती वाढते तेव्हा : जिमच्या आधी डॉक्टर

मुलगा पोहायला जात नाही. उन्हाळ्यातही शर्टाखाली दोन बनियन घालतो. पीटीच्या तासाला नेमकं त्याचं पोट दुखतं. अम्मीला वाटतं अभ्यासाचं टेन्शन असेल, अब्बूंना तर तो काहीच सांगत नाही. खरी गोष्ट बऱ्याचदा वेगळीच असते. छाती मुलीसारखी दिसू लागलेली असते आणि वर्गातली पोरं त्यावरून चिडवतात. मग तो गुपचूप जिम लावतो आणि तिथे कोणीतरी 'कोर्स' सुचवतो. तकलीफ खरी वाढते ती इथून.

या अवस्थेला वैद्यकीय भाषेत गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे संप्रेरक थोड्या प्रमाणात असतंच. टेस्टोस्टेरॉनच्या तुलनेत त्याचा जोर वाढला की स्तनाग्राखालची ग्रंथी फुगते. वयात येताना, साधारण 12 ते 15 वर्षांच्या दरम्यान, पुष्कळ मुलांत हे घडतं. बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत ते आपोआप ओसरतं. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, हात लागला तर दुखतं, हेही या वयात नेहमीचंच आहे. घरच्यांनी मुलाला एवढं जरी सांगितलं तरी त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

प्रत्येक वाढलेली छाती म्हणजे ग्रंथीच असं नाही. वजन जास्त असलेल्या मुलांत नुसती चरबी असते. पाठीवर झोपून अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणावं. मध्ये रबरासारखी गोल चकती लागली तर ग्रंथी, काहीच अडलं नाही तर चरबी. हा घरगुती अंदाज, निदान डॉक्टरच करतील. पण फरक महत्त्वाचा आहे. चरबी आहार आणि व्यायामाने कमी होते. ग्रंथी मात्र पुशअप मारून विरघळत नाही. उलट खालचा स्नायू वाढला की कधी कधी ती आणखी पुढे आल्यासारखी दिसते. पोरगा मेहनत करतो, आरशात पाहतो आणि खचतो.

आता त्या 'कोर्स'बद्दल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीची स्टिरॉइड घेतली की शरीर त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन बनवतं. म्हणजे छाती लपवायला घेतलेल्या इंजेक्शनमुळेच छाती वाढू शकते. शिवाय वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू कमी होतात, यकृत आणि हृदयावर ताण येतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

स्नायू कमवायला इंजेक्शन लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस वजनाचा व्यायाम, हळूहळू वाढवलेला भार, एकाच स्नायूला मध्ये एक-दोन दिवस आराम आणि पुरेशी झोप लागते. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 60 किलोच्या तरुणाला 95 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, शिजवलेल्या चिकनच्या 100 ग्रॅममध्ये 25 ते 30 ग्रॅम. बाकी डाळ, चणे, दही, मासे आहेतच. पावडरचा डबा घ्यायचाच असेल तर त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक पाहावा. रमजानमध्ये जड व्यायाम इफ्तारनंतर ठेवावा, रोज्यात नको. आणि हो, ब्रॉयलर खाऊन छाती वाढते ही चर्चा बऱ्याच घरांत चालते. ती कोंबडी लवकर वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे.

मोठ्या वयात अचानक छाती वाढली तर कारण शोधलंच पाहिजे. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं, दारू, गांजा, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड, यांपैकी काहीही असू शकतं. चालू औषध मात्र मनाने बंद करू नये. एकाच बाजूला टणक गाठ, स्तनाग्रातून रक्त, त्वचा आत ओढली जाणं, काखेत गाठ किंवा वृषणात गाठ असेल तर थांबू नका. स्तनांच्या कर्करोगाच्या 100 रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

आधी फॅमिली डॉक्टर, गरज पडल्यास संप्रेरकतज्ज्ञ. नव्या वाढीत गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, पण वर्षभरानंतर ग्रंथी घट्ट होते आणि मग औषध फारसं चालत नाही. त्या वेळी शस्त्रक्रिया हा इलाज आहे. तो आजकालचा शौक नाही. कॉर्डोबाचे शल्यवैद्य अल-जहरावी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'अत-तसरीफ' या ग्रंथात पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. आज चरबी नळीने ओढून घेतात आणि ग्रंथी छोट्या छेदातून काढतात. मुंबईत महापालिकेच्या केईएम आणि सायन रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरी विभाग आहेत, त्यामुळे महागड्या खासगी क्लिनिकमध्येच जायला हवं असं नाही. वयात येणाऱ्या मुलात मात्र सर्जन सहसा घाई करत नाहीत, वाढ स्थिरावू देतात. ऑपरेशननंतर काही आठवडे घट्ट दाबाचं जाकीट घालावं लागतं, आणि छातीचा जड व्यायाम सर्जन हो म्हणेपर्यंत बंद.