खत, निशाणी आणि संकेतांक

पणदरे ज्या बारामती तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी १२ मे १८७५ रोजी आसपासच्या कुणब्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. तो खतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. ऋणकोच्या हिताची ही तरतूद त्याच्यावरच उलटली. मुदत संपण्यापूर्वी मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे खत लिहिले जाई, आणि निरक्षर कुणबी स्वतःस न वाचता येणाऱ्या मजकुराखाली नांगराची निशाणी करी. मजकूर एकाचा व बंधन दुसऱ्याचे, अशी ही स्थिती होती.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यक कायदा झाला. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमक्ष लिहिले जावे, ते मोठ्याने वाचले जावे, भरण्याची पावती व मागितल्यास पासबुक मिळावे, असे त्यात ठरले. निशाणी करणाऱ्याजवळ एक तिऱ्हाईत आणि थोडा अवकाश असावा, हेच या उपायाचे मर्म होय.

आज बँकेच्या नावाने भ्रमणध्वनीवर येणाऱ्या फसव्या संदेशांत नेमके हेच दोन घटक वगळलेले दिसतात. ‘आपले खाते आज बंद होईल’ यासारख्या वाक्यात खाते बंद करणारा कोण हे लुप्त असते, भविष्यकाळ धमकीचे काम करतो आणि ‘आज’ हे क्रियाविशेषण विचारास वेळ उरू देत नाही. एकांतात सांगितलेला ओटीपी ही आजची निशाणी नांगर होय. तीही निरर्थक ठरत नाही: ग्राहकाने स्वतः गुप्त संकेत दिल्यास बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान त्यानेच सोसावे, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नमूद होते.

म्हणून संरक्षणही त्याच दिशेने शोधावे लागते. संदेशातील दुव्यावर न जाता पासबुकावरील क्रमांकावर किंवा शाखेत विचारणा करावी. संदेश घरातील दुसऱ्या व्यक्तीस मोठ्याने वाचून दाखवावा. ओटीपी कोणासही सांगू नये. आणि फसवणूक झालीच, तर तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे. साक्षरतेने खत वाचता येते. ते कोणी व कशासाठी लिहिले, हे विचारण्याची सवय मात्र वेगळी लावून घ्यावी लागते. सुप्याच्या कुणब्यांस ती संधी मिळाली नव्हती.