मैदानातल्या शिवीची चौकशी

एका फुटबॉलपटूने दुसऱ्याला वर्णावरून हिणवल्याचा आरोप झाला, की चौकशी आज ठरलेल्या वाटेने जाते. पंचाच्या अहवालात नोंद होते, जबाब घेतले जातात, चित्रफिती तपासल्या जातात, आरोपपत्र निघते, आयोगापुढे सुनावणी होते आणि शेवटी लेखी निकाल येतो. ही वाट फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये ती 2011-12 च्या हंगामात पक्की झाली, आणि त्याला आठ दिवसांच्या अंतराने घडलेली दोन प्रकरणे कारण ठरली.

त्याआधी कायद्याचा रोख प्रेक्षकांवर होता. 1991 च्या फुटबॉल गुन्हे कायद्याने जमावाच्या वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरवल्या. एकट्या प्रेक्षकाची आरोळी त्यात यायला 1999 उजाडले. खेळाडूंमधली शिवीगाळ मात्र खेळाच्या भरातली म्हणून मैदानावरच सोडून देण्याची रीत होती. 2000 साली लाझिओच्या सिनिशा मिहायलोविचने आर्सेनलच्या पॅट्रिक व्हिएराला वर्णवाचक शिवी दिली, तेव्हा युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने त्याला दोन सामन्यांची बंदी घातली. पण मिहायलोविचने जाहीर माफी मागितली होती. आरोप नाकारला गेला, की गाडी अडत असे. 2006 च्या अखेरीस एव्हर्टनच्या खेळाडूंनी न्यूकासलच्या एम्रे बेलोझोग्लूवर आरोप केला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, आरोपपत्र ठेवले. आरोप सिद्ध झाला नाही. पंच दूर, गोंगाट प्रचंड आणि शब्द ऐकणारा बहुधा तक्रारदारच, अशी ही मूळची अडचण.

15 ऑक्टोबर 2011 रोजी ॲनफिल्डवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांचा सामना झाला. लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझने आपल्याला वर्णावरून वारंवार हिणवले, असे युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने सामना संपताच पंच आंद्रे मॅरिनर यांना सांगितले. मॅरिनर यांनी स्वतः ते शब्द ऐकले नव्हते. दोघांची बाचाबाची स्पॅनिशमध्ये झाली होती. 'नेग्रो' हा शब्द एकदा वापरल्याचे सुआरेझने मान्य केले. पण उरुग्वेत तो सलगीनेही वापरतात, असा त्याचा बचाव होता. पॉल गोल्डिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन सदस्यांच्या आयोगाने मँचेस्टर विद्यापीठातील दोन तज्ज्ञांचे मत घेतले. तज्ज्ञांनी दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले: शब्द सलगीचा असू शकतो, पण एव्हरा सांगतो तसा वापरला असेल, तर उरुग्वेतही तो अपमानच.

म्हणजे पुन्हा प्रश्न उरला, कोणाचे खरे? इथे आयोगाने जे केले, ते पुढच्या चौकशांना नमुना म्हणून उपयोगी पडले. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. आयोगाने दिवाणी न्यायाचा निकष लावला: दोन हकिगतींपैकी अधिक संभवनीय कोणती? मग प्रत्येक जबाब चित्रफितीशी ताडून पाहिला. सुआरेझने एव्हराला काढलेला चिमटा वातावरण निवळावे म्हणून होता, हा खुलासा चित्रफितीपुढे टिकला नाही. सामन्यानंतर लगेच लिव्हरपूलच्याच डर्क काउट आणि डॅमियन कोमोली यांनी सुआरेझकडून कळलेले म्हणून जे सांगितले, तेही त्याच्या नंतरच्या जबाबाशी जुळेना. सुआरेझ वर्णद्वेषी माणूस आहे काय, हे ठरवणे आयोगाचे काम नव्हते, आणि एव्हरानेही तसे म्हटले नव्हते. प्रश्न उच्चारापुरता होता. 20 डिसेंबरला आठ सामन्यांची बंदी आणि 40 हजार पौंड दंड जाहीर झाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी 115 पानांची कारणमीमांसा आली.

दुसरे प्रकरण 23 ऑक्टोबरचे, चेल्सीच्या जॉन टेरीचे. क्वीन्स पार्क रेंजर्सच्या अँटन फर्डिनंडला टेरीचे वर्णवाचक शब्द मैदानावर ऐकूच आले नव्हते. ते कॅमेऱ्याने टिपले. टेरीने शब्द नाकारले नाहीत, फर्डिनंडने लावलेला आरोप आपण उपरोधाने उच्चारून दाखवत होतो, असे सांगितले. प्रकरण पोलिसांकडे गेले आणि जुलै 2012 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सप्टेंबरमध्ये एफएच्या आयोगाने त्याच चित्रफितीवर त्याला दोषी धरले: चार सामने, 2 लाख 20 हजार पौंड. न्यायालयात गुन्हा शाबीत झाला असता, तरी दंडाची कमाल मर्यादा अडीच हजार होती. दोन निकाल वरवर विसंगत वाटतात, पण पुराव्याचा निकष वेगळा असेल तर तसे होणारच.

भारतीय वाचकांना यात सिडनीतली क्रिकेट कसोटी आठवेल. 2008 च्या जानेवारीत हरभजन सिंगने अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याच्या आरोपावरून सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात सचिन तेंडुलकरची साक्ष झाली, उच्चारलेला शब्द हिंदी शिवीचा होता असे मांडले गेले, आणि न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नसल्याचे सांगून निम्म्या मानधनाच्या दंडावर प्रकरण मिटवले.

2013 मध्ये शिक्षेचे आकडे बांधले गेले. युएफाने किमान दहा सामने ठरवले, एफएने पाच. 2019 मध्ये एफएने सहा ते बारा असा पल्ला आखला. लीड्सचा गोलरक्षक किको कसिया याला 2020 मध्ये आठ सामन्यांची बंदी बसली, ती या पल्ल्यात.

चौकशी कॅमेऱ्यावर विसंबू लागली तसा तोंडावर धरलेला हात हा अडसर ठरू लागला. मार्च 2021 मध्ये ग्लासगोत स्लाव्हिया प्रागचा ओंद्रेय कुदेला हाताआड रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानाशी काही बोलला. शिवी दिली, पण वर्णवाचक नव्हे, असे त्याचे म्हणणे. युएफाने ते मानले नाही. दहा सामन्यांच्या बंदीमुळे त्याची युरो स्पर्धा हुकली. सामन्यानंतर खेळाडूंच्या बोगद्यात त्याच्यावर हात उगारल्याबद्दल कमारालाही तीन सामने बाहेर बसावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काडिझच्या हुआन कालावर व्हॅलेन्सियाच्या मुक्तार दियाखाबीने आरोप केला. व्हॅलेन्सियाचा संघ काही वेळ मैदान सोडून गेला. स्पेनच्या ला लिगाने चित्रफिती, ध्वनिमुद्रणे तपासली, ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञही नेमले. आरोपाला पुष्टी देणारे काही सापडले नाही आणि कालावर कारवाई झाली नाही.