खरे की खोटे? – तंबूतल्या ‘अजब माणसां’चा इतिहास आणि विचारायचा खरा प्रश्न

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण मित्राने मोबाईलवर एक जुने छायाचित्र दाखवले. दोन कृष्णवर्णीय बहिणी, अंगात एकच झगा, पाठीला पाठ जुळलेली. खाली इंग्रजीत ‘दोन डोक्यांची कोकिळा’. लगेच वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, फोटोशॉप आहे. दुसरा म्हणाला, सर्कशीतली बनवाबनवी असेल. तिसरीने विचारले, अशी माणसे जगतात तरी का? अर्धा तास ‘खरे की खोटे’ एवढाच काथ्याकूट झाला. त्या दोघींचे नाव काय, हे मात्र कुणीच विचारले नाही. हा लेख त्या अर्ध्या तासातून निघाला आहे.

आधी सरळ उत्तर देतो. अमेरिका आणि युरोपात एकोणिसाव्या शतकात तिकीट लावून जी ‘अजब’ माणसे दाखवली गेली, त्यांत खरेही होते आणि खोटेही होते. चिकित्सा करणाऱ्याने दोन्ही बाजू तपासल्या पाहिजेत. सगळेच थोतांड म्हणून हात झटकणे ही चिकित्सा नव्हे, तो आळस आहे.

खोटे कसे बनवले जाई

न्यूयॉर्कमध्ये पी. टी. बार्नम नावाच्या व्यापाऱ्याने १८४१ मध्ये एक संग्रहालय ताब्यात घेतले. १८४२ मध्ये त्याने ‘फिजीची जलपरी’ लोकांपुढे ठेवली. ती होती माकडाचे वाळलेले धड आणि माशाची शेपटी यांची शिवण. पुढे गावोगाव फिरणाऱ्या तंबूंत काचेच्या बरण्यांमध्ये ‘दोन डोक्यांची अर्भके’ मांडली जात. त्यांत काही खरी असत आणि बरीच रबराची. रबरी अर्भकांना तंबूवाल्यांच्या बोलीत ‘बाऊन्सर’ म्हणत, कारण खाली पडली की ती उसळत.

जिवंत माणसांच्या बाबतीतही बनाव होत. टेनेसीत १८६८ मध्ये जन्मलेल्या मर्टल कॉर्बिन यांना खरोखर चार पाय होते. त्यांचा खेळ चालला म्हटल्यावर चार पायांच्या नकली बायकाही तंबूंत उभ्या राहिल्या. ‘बोर्निओचे रानटी मानव’ म्हणून दाखवलेले हायरम आणि बार्नी डेव्हिस हे ठेंगणे भाऊ प्रत्यक्षात ओहायोतल्या शेतावर वाढलेले होते. बोर्निओशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

जोडलेल्या जुळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. आईच्या पोटात एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन एकसारखी जुळी तयार होतात. हे विभाजन उशिरा, साधारण तेराव्या दिवसाच्या पुढे झाले आणि अर्धवट राहिले, तर दोन शरीरे जोडलेली राहतात. आधी वेगळे झालेले गर्भ पुन्हा जुळतात, अशीही एक मांडणी आहे. पन्नास हजार ते दोन लाख जन्मांत असा एखादा जन्म होतो आणि त्यांतली बहुतेक बाळे मृतच जन्मतात किंवा लवकर दगावतात. यातून पारख करायची एक सोपी खूण मिळते. बीज एकच असल्याने अशी जुळी दोन्ही मुलगे असतात किंवा दोन्ही मुली. एक बाई आणि एक पुरुष जोडलेले दाखवले, की बनाव आहे असे बिनदिक्कत समजावे.

इथे ‘खरे की खोटे’ हा प्रश्न संपायला हवा होता. पण तिकीटबारीला तो संपायला नको होता. हे समजण्यासाठी एका आजीची गोष्ट ऐकली पाहिजे.

जॉइस हेथ : दावा खोटा, बाई खरी

१८३५ मध्ये बार्नमने जॉइस हेथ नावाच्या वृद्ध, अंध, गुलाम कृष्णवर्णीय बाईला दाखवण्याचा हक्क विकत घेतला. जाहिरात अशी, की ही बाई १६१ वर्षांची असून जॉर्ज वॉशिंग्टनला हिनेच लहानाचे मोठे केले. लोक लोटले. गर्दी ओसरू लागली तेव्हा नवी आवई उठवली गेली : ही बाईच नाही, व्हेलच्या हाडांचे, रबराचे आणि स्प्रिंगांचे यंत्र आहे! मग आधी येऊन गेलेले लोकही खात्री करायला पुन्हा तिकीट काढून आले.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. संशय हा त्या धंद्याचा शत्रू नव्हता, भांडवल होते. विश्वास ठेवणाराही पैसे देई आणि शंका घेणाराही. त्या बाईचा हात धरून, नाडी पाहून, कातडी चाचपून ‘आम्ही फसलो नाही’ असा आनंद घरी नेणाऱ्याला आपण विवेकी म्हणायचे का?

फेब्रुवारी १८३६ मध्ये जॉइस हेथ वारल्या. बार्नमने त्यांचे शवविच्छेदनही न्यूयॉर्कमध्ये जाहीरपणे करवले, माणशी पन्नास सेंट तिकीट लावून. सुमारे दीड हजार लोक बघायला आले. डॉक्टरांनी निर्वाळा दिला, की बाईचे वय ऐंशीहून अधिक नसावे. म्हणजे सत्य बाहेर आले! पण कशातून? जिला जिवंतपणी विश्रांती मिळाली नाही, तिला मेल्यावर चिरून. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ मध्येच कायद्याने संपली होती. कायदा संपला, तरी एका कृष्णवर्णीय बाईच्या देहावरची मालकी संपली नव्हती.

१८६० मध्ये, डार्विनचा ग्रंथ येऊन काही महिने होतात न होतात तोच, बार्नमने विल्यम हेन्री जॉन्सन या न्यू जर्सीच्या कृष्णवर्णीय माणसाला केसाळ पोशाख चढवून ‘हे काय आहे?’ या नावाखाली उभे केले. माणूस की माकड, हे प्रेक्षकांनी ठरवायचे. ‘हा कोण आहे’ असे नव्हे, ‘हे काय आहे’. ज्या देशात गुलामांना माणूस मानायचे की नाही यावरून युद्ध पेटायला आले होते, त्या देशात या प्रश्नाचे तिकीट विकले जात होते. त्या खेळातली लबाडी केसाळ पोशाखात कमी आणि प्रश्नात जास्त होती.

एकच राज्य, दोन जोड्या

आता खऱ्यांकडे येऊ. ‘सयामी जुळे’ हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर गेला ते चँग आणि एंग १८११ मध्ये सयाममध्ये जन्मले. छातीच्या खालच्या बाजूला मांसाच्या एका पट्ट्याने ते जोडलेले होते. १८२९ मध्ये एक ब्रिटिश व्यापारी आणि एक अमेरिकन जहाज-कप्तान त्यांना बोस्टनला घेऊन आले. तिथे हार्वर्डच्या डॉ. जॉन वॉरन यांनी तपासून ते खरे असल्याचे सांगितले आणि हा दाखला जाहिरातीच्या कामी आला. लंडनमध्ये एकाला शतावरीच्या कोंबांची भाजी खाऊ घालून दोघांच्या लघवीचा वास तपासण्यापर्यंत मजल गेली. विज्ञानाला यातून माहिती मिळाली हे खरे. पण डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि तिकीट एकाच टेबलावर ठेवलेले होते, हेही तितकेच खरे.

२१ वर्षांचे झाल्यावर, १८३२ मध्ये, या भावांनी मालकांशी संबंध तोडला आणि स्वतःचा खेळ स्वतः चालवू लागले. आम्हाला त्यांच्या या धैर्याचा आदर आहे. १८३९ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायना राज्यात स्थायिक झाले, नागरिक झाले, बंकर हे आडनाव घेतले. १८४३ मध्ये दोघा भावांनी दोघी बहिणींशी लग्ने केली, मोठे संसार झाले.

आणि त्यांनी गुलाम विकत घेतले.

हे वाक्य आम्ही मुद्दाम एकटे लिहिले आहे. ज्यांना परक्यांनी करारात बांधून जगभर फिरवले, त्यांनीच शेतावर काळ्या माणसांना राबवले. यादवी युद्धात त्यांचे मुलगे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढले. शोषण सोसलेला माणूस आपोआप समतावादी होत नाही. संधी मिळाली, की तो वरच्या पायरीवर चढून खालच्याच्या डोक्यावर पाय ठेवू शकतो. चळवळीतल्या प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावा असा हा धडा आहे.

त्याच नॉर्थ कॅरोलायनात ११ जुलै १८५१ रोजी मिली आणि क्रिस्टीन या बहिणी जन्मल्या. मोबाईलवरच्या छायाचित्रातल्या बहिणी त्या याच. आईवडील, जेकब आणि मोनिमिया, एका लोहाराचे गुलाम. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी मुली जोडलेल्या होत्या. तान्ह्या असतानाच त्यांचा सौदा झाला. पुढे त्यांना पळवून नेण्यात आले, ब्रिटनपर्यंत. १८५७ मध्ये मालक आईला सोबत घेऊन गेला आणि मुली परत आणल्या. गावोगावी खेळाआधी डॉक्टर येत आणि ‘खऱ्या आहेत ना’ हे पाहण्यासाठी त्यांचे कपडे दूर सारून तपासणी करत. लहान मुलींना नाही म्हणायचा अधिकारच नव्हता. मोठ्या झाल्यावर त्यांनी अशा तपासण्यांना नकार दिला. जाहिरातीला प्रमाणपत्र हवे होते, पण दोघींना प्रतिष्ठा हवी होती.

गुलामगिरी संपल्यावर त्या मंचावर राहिल्या, पण आता गायिका म्हणून. एक वरच्या पट्टीत, दुसरी खालच्या पट्टीत गाई. इंग्लंडच्या राणीपुढेही त्यांनी गायले. कमाईतून, ज्या शेतावर आईबाप गुलाम होते तेच शेत कुटुंबासाठी विकत घेतले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेला मदत केली. ऑक्टोबर १९१२ मध्ये मिली क्षयाने गेल्या आणि काही तासांनी क्रिस्टीन.

एकाच राज्यात, एकाच काळात, दोन जोडजुळी. दोन्ही शंभर टक्के खरी. एक जोडी मालक झाली, दुसरी मालमत्ता म्हणून जन्मली. फरक शरीरात नव्हता. समाजाने कुणाला कुठल्या पायरीवर ठेवले, त्यात होता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्यांत मिली आणि क्रिस्टीनही होत्या. पुण्यात बसून फुल्यांना जे नाते दिसले, ते आपल्याला त्या छायाचित्रात दिसू नये?

ओरिसाच्या दोन मुली

हा इतिहास केवळ अमेरिकेचा नाही. १८८८ च्या सुमारास ओरिसात जन्मलेल्या, छातीखाली जोडलेल्या दोन बहिणींना युरोपात नेऊन फिरवले गेले. तिथल्या कागदपत्रांत त्यांची नावे राडिका आणि डूडिका अशी आहेत. १९०२ मध्ये डूडिकाला क्षय जडला. पॅरिसमध्ये डॉ. डॉयेन यांनी शस्त्रक्रिया करून त्यांना वेगळे केले आणि त्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरणही केले. डूडिका काही दिवसांतच गेली, राडिका पुढच्या वर्षी.

चित्रफितीच्या प्रती मात्र जिवंत राहिल्या आणि जत्रांत दाखवल्या गेल्या. डॉक्टर कोर्टात गेले आणि १९०५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. चित्रफीत कुणाची – कॅमेरेवाल्याची की डॉक्टरची – एवढाच वाद. त्या दोन मुलींचा हक्क हा खटल्याचा विषयच नव्हता.

‘पण त्यांचे पोट तर भरत होते?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. होय, काहींनी या व्यवसायातून पैसा, नाव, मैत्री मिळवली. अपंग माणसाला दुसरे काम न देणाऱ्या समाजात तंबू हाच आसरा होता. म्हणून मंचावर उभे राहणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आमचा सवाल एवढाच : करार कुणाच्या हातात होता? ब्रायटनला १९०८ मध्ये जन्मलेल्या डेझी आणि व्हायोलेट हिल्टन या जोडलेल्या बहिणींनी लहानपणापासून लाखोंची कमाई केली, पण ती त्यांच्या पालकांनी ठेवून घेतली. १९३१ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने त्यांना मोकळे केले, तेव्हा कुठे स्वतःचा पैसा हाती आला. गाणे तेच, मंच तोच, पण कोर्टाच्या निकालाआधी त्या दुसऱ्याच्या होत्या आणि नंतर स्वतःच्या.

आज तंबू गेले, पण मोबाईल आला. दोन डोक्यांच्या बाळाचा व्हिडिओ येतो. कुणी हात जोडतो, कुणी हसतो, कुणी ‘फेक आहे’ लिहून शहाणा ठरतो. तिघेही प्रेक्षकच. बाळाला दवाखाना मिळाला का, आईला आधार आहे का, हे विचारणारा क्वचित सापडतो.

तरुण मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी असे चित्र समोर आले की खरे-खोटे जरूर तपासा. विज्ञान वाचा, फसू नका. पण तिथे थांबू नका. नाव विचारा. तिकिटाचे पैसे कुणाच्या खिशात गेले ते विचारा. त्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होते का, ते विचारा. आणि मग स्वतःला विचारा : आपण इथे साक्षीदार म्हणून उभे आहोत, की तिकीट काढून आत शिरलेले आहोत?

आमच्या वर्गात ते छायाचित्र दुसऱ्यांदा फिरले तेव्हा कुणी ‘हे काय आहे’ म्हटले नाही. एका मुलीने वहीत दोन नावे लिहून घेतली : मिली. क्रिस्टीन.