दरबारातलं दुकान

सावंतवाडीच्या राजवाड्यात तिकीट काढून आत गेलं की दरबार हॉल लागतो. तिथे आता फिर्याद घेऊन कुणी येत नाही. मांडी घालून बसलेले चित्रकार बैठ्या डेस्कावर गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवत असतात आणि तयार माल तिथेच विकायला मांडलेला असतो.

जांभ्या दगडाची ही वास्तू इथले राजे खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीतली, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. गंजिफा त्याहून जुन्या. १५२७ साली बाबराने सिंधला गंजिफा धाडल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली संच ९६ पानांचा. कोकणात दशावतारी संच रुळला: दहा अवतार, प्रत्येकाची बारा गोल पानं, एकूण १२०. कागदाचे थर चिकटवायचे, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड चढवायची, दगडाने घोटायचं, मग रंग, शेवटी लाखेचा हात. एवढा खटाटोप! छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर त्याला गिऱ्हाईक कुठून राहणार?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे काम जाणणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून कसब शिकून घेतलं, तरुणांना शिकवलं आणि राजवाड्यातच कारखाना थाटला. बडोद्याच्या गायकवाड घराण्यात वाढलेल्या सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला धरत.

या दुकानाची सजावट कुण्या डिझायनरच्या टेबलावर ठरलेली नाही, आणि तेच बरं झालं. दरबारासाठी उंच छताची, ऐसपैस जागा होतीच, बैठकही खालीच. त्यामुळे गिऱ्हाईक उभ्याउभ्या पाहतं ते थेट चित्रकाराच्या हाताकडे. तळहातात मावणाऱ्या पानावर मत्स्य, कूर्म, वराह उमटताना दिसले की किमतीवरून घासाघीस करायला जीभ रेटत नाही. काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेला संच नुसता महाग वाटला असता. गंजिफांच्या जोडीला वेलबुट्टीचे चौरंग, डबे, बुद्धिबळाचे पट असतात. पण नजर वळते ती पानांकडेच.

गावातल्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची, लाकडी फळांची दुकानं आहेत. तिथली लगबग वेगळी, भाव वेगळे. दोन्हीकडे जावं.

२०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं. दशावतारी संच घेणार असाल तर १२० पानं तिथेच मोजून घ्या. एक जरी कमी भरलं तरी डाव लागत नाही.