सेवाग्रामचे अंगण

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले. विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. इथल्या त्यांच्या आश्रमात माती-बांबूच्या कौलारू घरांभोवतीच्या अंगणाला आकार दिला तो मोठ्या झाडांनी. गांधीजींनी पिंपळ लावला, कस्तुरबांनी बकुळ. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी तर गांधीजी राहत त्या बापू कुटीच्या भिंतीवर मातीतच ताडाची झाडे उठावात घडवली. आश्रमातली ही सर्वांत देखणी सजावट.

अशा अंगणात गुलाब लावायचा तर वऱ्हाडातल्यासारखीच इथली काळी जमीनही अडचणीची. ती पावसाळ्यात पाणी धरते, मुळे कुजतात, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम, वाळू, शेणखत मिसळून उंच वाफा करावा लागतो, शिवाय उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. मूळ धरलेली बकुळ मात्र सावली आणि सुगंध दोन्ही देते.